धंद्याची गाडी, पांढरी पाटी आणि खासगी विमा: नेमकं काय लागतं?

पुठ्ठेवाला

माझं पुठ्ठ्याचे खोके बनवायचं लहान युनिट आहे. माल पोचवायला माझ्या नावावरची सात आसनी व्हॅन वापरतो. पाटी पांढरी, मागच्या सीट काढून ठेवलेल्या. फुल इन्शुरन्स आहे, एकदाही खंड नाही, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्क्यांवर आलाय.

या वेळी नूतनीकरणाआधी पॉलिसी ओळीओळीने वाचायला घेतली. 'वापरावरील मर्यादा' या सदरात लिहिलंय की भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर चालणार नाही, आणि मालवाहतूकही चालणार नाही. अपवाद फक्त नमुने आणि वैयक्तिक सामान यांचा. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, माल तुमचा, गाडी तुमची, भाडं घेत नाही ना? मग चालतं."

माझं समाधान झालेलं नाही. एका मोठ्या ग्राहकाने आता गेटवर गाडीच्या विम्याची प्रत मागायला सुरुवात केली आहे, आणि माझा माल त्या व्हॅनमध्ये मावेनासाही झालाय. छोटा टेम्पो घ्यायचा विचार आहे. एक पोरगा स्वतःच्या बाईकवर छोट्या ऑर्डरी पोचवतो, त्याचंही काय ते कळत नाही. कायद्याने नक्की काय लागतं आणि कायद्यापलीकडे काय घ्यायला हवं, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

निवृत्त_सर्व्हेअर

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे आणि एजंट सांगतोय ते चूक आहे. पॉलिसीतल्या या दोन अटी वेगवेगळ्या आहेत. भाडं घेतलं नाही म्हणून पहिली अट पाळली गेली, पण दुसरी मोडतेच. माल कोणाचा, हा प्रश्न त्या वाक्यात नाहीच.

कायदाही तेच म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(१४) मध्ये मालवाहू गाडीची व्याख्या आहे. केवळ मालासाठी बनवलेली गाडी तर मालवाहू आहेच, पण तशी न बनवलेली गाडीसुद्धा माल नेण्यासाठी वापरली की त्या वेळी ती मालवाहूच ठरते. आणि मालवाहू गाडी म्हटली की ती 'परिवहन वाहन' या वर्गात जाते. मग पिवळी पाटी, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र), वजनानुसार परमिट आणि मालवाहू वर्गाचा विमा हे सगळं मागे लागतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण लोक उलट्या टोकालाही जातात. खासगी गाडी कामासाठी वापरणं म्हणजे गुन्हा नव्हे. ग्राहकाला भेटायला जा, बँकेत जा, साइट बघायला जा, नमुन्याचे चार खोके दाखवायला न्या. हे सगळं खासगी पॉलिसीत बसतं. दोनशे खोके चलनासकट पोचवायला निघालात की मात्र बसत नाही.

क्लेमच्या वेळी हे कळतं कसं, असं बरेच जण विचारतात. मी तपासणीला जायचो तेव्हा आधी गाडीच्या आत बघायचो. काढलेल्या सीट, घासलेला फ्लोअर, आत पडलेला माल. मग पोलिसांचा पंचनामा, त्यात मालाचा उल्लेख असतोच. आणि हल्ली तर तुम्ही स्वतःच पुरावा तयार करता. ज्या मालाला ई-वे बिल (जीएसटीखाली ऑनलाइन काढायचा मालवाहतुकीचा कागद) लागतं त्याच्या दुसऱ्या भागात गाडीचा नंबर टाकावा लागतो. म्हणजे सरकारी पोर्टलवर तुमच्याच हाताने नोंद असते की या नंबरच्या गाडीतून अमुक माल गेला.

सीट कायमच्या काढून ठेवल्या आहेत हा आणखी वेगळा मुद्दा. आरसी बुकात लिहिलेल्या आसनसंख्येशी गाडी जुळत नसेल तर तो कलम ५२ खालचा बदल होतो. त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते.

नवा_धंदा

मी वीजकामाची कंत्राटं घेतो. माझ्या गाडीत हत्यारांची पेटी, मल्टिमीटर, शिडी कायम असते. तेही माल होतं का?

निवृत्त_सर्व्हेअर

हत्यारांची पेटी तुमच्याबरोबर जाते आणि तुमच्याबरोबर परत येते, ती कोणाला पोचवायची नसते. तिच्यावरून क्लेम अडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण ग्राहकाच्या साइटवर वायरची बंडलं आणि पॅनेल नेऊन टाकता ना? तो माल आहे. सीमारेषा धूसर वाटत असेल तर विमा कंपनीला ईमेलने विचारा: 'मी गाडीत अमुक वस्तू नेतो, या पॉलिसीत चालेल का?' उत्तर लेखी घ्या. एजंटचं फोनवरचं 'चालतं' तुम्हाला ग्राहक आयोगात दाखवता येत नाही, ईमेल दाखवता येतो.

विमासाथी

मी याच क्षेत्रात एजंट आहे. वरच्या एजंटने असं का सांगितलं असावं ते हप्त्यांवरून कळेल. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्याचा, मूळ दर सरकार ठरवतं, तो कुठल्याही कंपनीकडे एकच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या अधिसूचनेतले आकडे बघा. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला ३,४१६ रुपये. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला, ती लोकांचा माल वाहत असेल तर १६,०४९ रुपये, आणि केवळ मालकाचा स्वतःचा माल वाहत असेल तर ८,५१० रुपये. त्यावर जीएसटी. फरक ऐकून ग्राहक पळतो, म्हणून काही जण खासगीचंच नूतनीकरण करून मोकळे होतात. हे चुकीचं आहे. ग्राहक टिकतो, पण गरजेच्या वेळी त्याच्या हातात काही राहत नाही.

पुठ्ठेवाले, तुमच्यासाठी यातला ८,५१० चा आकडा महत्त्वाचा. त्याला प्रायव्हेट कॅरिअर म्हणतात. प्रस्तावात गाडीचा वापर 'स्वतःच्या मालासाठी' असं स्पष्ट लिहून घ्या.

टेम्पोमालक

विमासाथी, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला माझी एक पुरवणी. माझे तीन टेम्पो आहेत. प्रायव्हेट कॅरिअर स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका, आधी स्वतःला विचारा की परतीचं भाडं कधीच घेणार नाही का? माल टाकून टेम्पो रिकामा परत येतो, वाटेत कोणी म्हणतं दोन फ्रिज आणि एक कपाट टाक, हजार रुपये देतो. डिझेल निघतं म्हणून ड्रायव्हर हो म्हणतो, बऱ्याचदा मालकाला न विचारता. त्या फेरीपुरता तो टेम्पो लोकांचा माल भाड्याने वाहतोय आणि विमा घेतलाय स्वतःच्या मालाचा. म्हणजे पुन्हा तोच घोळ, फक्त आता पिवळ्या पाटीवर.

महिन्यातून एकदा जरी भाडं मारणार असाल तर सरळ पब्लिक कॅरिअरचा हप्ता भरा. आणि घेणार नसाल तर ड्रायव्हरला स्पष्ट ताकीद द्या, शक्य असेल तर लेखी.

परमिटचं सांगतो. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल मिळून ३,००० किलोपर्यंत असेल तर कलम ६६(३) नुसार परमिट लागत नाही. बहुतेक छोटे टेम्पो त्यात बसतात. बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांनाही परमिटमधून २०१८ पासून सूट आहे, आणि त्यांच्या थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सवलत मिळते. पण फिटनेस सगळ्यांना लागतं. नवीन गाडीला पहिली दोन वर्षं, नंतर आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. फिटनेस संपलं तर कलम ५६ प्रमाणे गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. विम्याची तारीख सगळे लक्षात ठेवतात, फिटनेसची विसरतात, आणि क्लेम तिथे अडकतो.

पुठ्ठेवाला

सर्वांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. पण एक शंका आहे. खासगी पॉलिसीत माल नेताना अपघात झाला तर माझ्या गाडीचं नुकसान मिळणार नाही, इतकं समजलं. तेवढंच असेल तर गाडीची किंमत फार नाही, सोसता येईल. पण समोरच्या माणसाला काही झालं तर? त्याला विमा कंपनी देईल का? मला झोप लागत नाहीये ती या प्रश्नामुळे.

काळा_कोट

मोटार अपघात न्यायाधिकरणात मी काम करते. तुमचा प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची तर तृतीय पक्षाचा (थर्ड पार्टी) विमा हवाच. तो नसेल तर कलम १९६: पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास दंड ४,०००. लोक या दंडाकडे बघतात आणि म्हणतात, एवढंच ना? खरा आकडा तो नाहीच. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला कायद्यात वरची मर्यादा नाही. मृत व्यक्तीचं वय, कमाई आणि मागे किती जण अवलंबून आहेत यावर रक्कम ठरते. कमावता तरुण गेला तर ती सहज लाखांत, कधी कोटीच्या घरात जाते.

विमा कंपनीला तृतीय पक्षाला नाही म्हणायला कायद्याने मोजकीच कारणं दिली आहेत. ती आता कलम १५० मध्ये आहेत. परमिट नसताना भाड्याने वापर, परमिटमध्ये न बसणारा वापर, वैध लायसन्स नसलेला चालक ही त्यातली मुख्य. तुमचा स्वतःचा माल भाडं न घेता नेणं या यादीत सरळ बसत नाही, त्यामुळे कंपनीचा बचाव तिथे दुबळा पडू शकतो. पण यावर विसंबून राहू नका. कंपनी शर्तभंग झाला म्हणून भांडणारच. आणि अनेक प्रकरणांत न्यायालय 'आधी द्या, मग वसूल करा' असा आदेश करतं. म्हणजे पीडिताला कंपनी पैसे देते आणि मग तीच रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करते. परमिट नसलेल्या गाडीच्या अमृतपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हाच मार्ग ठेवला. पीडिताच्या दृष्टीने हे न्यायाचं आहे, त्याचा काय दोष? पण वसुली तुमच्या घरावर आणि युनिटवर येते. तुम्ही प्रोप्रायटर असाल तर धंदा आणि घर यांत कायद्याच्या दृष्टीने भिंत नाही, हे लक्षात असू द्या.

समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे. नेहमीच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत. थोडा हप्ता वाचवायला ती सहा हजारांवर आणायचा पर्याय असतो. धंद्याच्या गाडीसाठी तो कधीही घेऊ नका. महागड्या गाडीचा एक दरवाजा सहा हजारांत होत नाही.

तुमच्या स्वतःच्या नुकसानीबद्दल एक दिलासा आहे. खासगी म्हणून विमा घेतलेली गाडी भाड्याने वापरली गेली, अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या नितीन खंडेलवाल आणि २०१० च्या अमलेंदू साहू निकालांत दावा पूर्ण न फेटाळता ७५ टक्के द्यायला सांगितलं. पण ते दोघेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढत गेले तेव्हा मिळालं. टेम्पो बंद, ऑर्डरी अडलेल्या आणि तुम्ही वर्षानुवर्षं तारखांना, ही स्थिती छोट्या धंद्याला परवडत नाही.

टेम्पोमालक

मॅडम, तुम्ही लायसन्सचा विषय काढला म्हणून विचारतो. माझा ड्रायव्हर एलएमव्ही (हलकं वाहन) लायसन्सवाला आहे, ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही. एका कंपनीच्या माणसाने त्यावरून आमच्या ओळखीतल्या एकाचा क्लेम बाजूला ठेवला होता. आता काय परिस्थिती आहे?

काळा_कोट

आता ते स्पष्ट आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला रंभादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची परिवहन गाडी चालवायला एलएमव्ही लायसन्स पुरतं, वेगळी नोंद लागत नाही. २०१७ च्या मुकुंद देवांगण निकालात हेच होतं, पण त्यावर विमा कंपन्यांनी शंका घेतल्याने विषय मोठ्या पीठाकडे गेला होता. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना हे लागू नाही.

त्याहून मोठी गाडी असेल तर वेगळं लायसन्स लागेल. आणि ड्रायव्हर ठेवताना लायसन्सची झेरॉक्स घेऊन फाइलला लावणं पुरेसं समजू नका. सरकारच्या सारथी पोर्टलवर नंबर टाकून बघा, मुदत बघा, त्या पानाची प्रिंट ठेवा. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालाप्रमाणे लायसन्स नसल्याचा बचाव घेताना मालकाने पुरेशी काळजी घेतली नव्हती हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. ती प्रिंट तुमची काळजी दाखवते.

शिलाईघर

शाळांचे गणवेश शिवायचा माझा व्यवसाय आहे, सगळ्या बायकाच आहोत. गठ्ठे पोचवायला छोटा टेम्पो आहे. उतरवायला दोघी जणी टेम्पोबरोबर जातात. कधी परतताना वाटेत एखादी ओळखीची बाई लिफ्ट मागते, ड्रायव्हरदादा बसवतात. या सगळ्यांचा विमा एकाच पॉलिसीत येतो का?

विमासाथी

ताई, तीन वेगळे प्रकार आहेत, एकात मिसळू नका.

ड्रायव्हर: पगारी चालकाबद्दलची कायदेशीर जबाबदारी म्हणून एक जोड असते, आयएमटी २८ (आयएमटी म्हणजे मोटार विम्यातल्या ठरावीक जोडकलमांचे क्रमांक). हप्ता अगदी किरकोळ, माणशी ५० रुपयांच्या घरात. पॉलिसीत ती ओळ आहे का बघा.

माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या तुमच्या कर्मचारी: त्यांच्यासाठी आयएमटी ३९ नावाची जोड आहे. किती जणी, ते पॉलिसीत आकड्यात लिहिलेलं हवं. दोघींचं लिहिलं आणि चौघी गेल्या तर वाद होणार. त्या तुमच्या नोकरीत आहेत याची नोंदही हवी, हजेरी आणि पगारपत्रक. नुसतं 'आमच्याकडे असतात' पुरत नाही. आणि त्या केबिनमध्ये आरसीवरच्या आसनसंख्येतच बसायला हव्यात, गठ्ठ्यांवर नाही.

लिफ्ट घेणारी बाई: तिच्यासाठी काहीच नाही.

काळा_कोट

शेवटच्या मुद्द्यावर मी ठामपणे लिहिते, कारण यात कुटुंबं उद्ध्वस्त झालेली पाहिली आहेत. मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी संरक्षणात आला. वाटेत बसवलेला माणूस नाही. टेम्पोत लग्नाचं वऱ्हाड नेतात, शेतमजूर नेतात, आणि काही घडलं की जखमींचे नातेवाईक विम्याच्या आशेवर आमच्याकडे येतात. त्यांना हे सांगावं लागतं तेव्हा शब्द सापडत नाहीत. ताई, ड्रायव्हरदादांना आजच सांगा.

शिलाईघर

आजच सांगते. आणखी एक. गाडी माझ्या आणि माझ्या नणंदेच्या भागीदारी फर्मच्या नावावर आहे. नणंद कधी स्वतः चालवते. १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा असतो म्हणतात, आमच्या पॉलिसीत तो दिसत नाही.

विमासाथी

बरोबर आहे, दिसणार नाही. तो १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा गाडी व्यक्तीच्या नावावर असेल आणि त्या व्यक्तीकडे लायसन्स असेल तरच मिळतो. फर्म किंवा कंपनी गाडी चालवू शकत नाही. तुमच्या नणंदबाईंसाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्या. गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हे ठरवताना लोक फक्त कर आणि कर्ज बघतात, हा मुद्दा राहून जातो.

पॉलिसीवरचं नाव आणि आरसीवरचं नाव अक्षरशः एकच हवं. फर्मची आरसी आणि भागीदाराच्या नावाची पॉलिसी, असं असेल तर आज दुरुस्तीची नोंद करून घ्या.

पुठ्ठेवाला

ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, काय बघायचं? आणि बाईकवाल्या पोराचं राहिलं.

टेम्पोमालक

ओन डॅमेजचं मी सांगतो, ते भोगलेलं आहे. मालवाहू गाडीच्या साध्या पॅकेज (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र) पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, बंपर, रंग यांचं नुकसान येत नाही. गाडी पूर्ण गेली तरच येतं. आता मला सांगा, शहरात टेम्पोला दुसरं काय लागतं? बंपर आणि दिवेच तर फुटतात. त्यासाठी आयएमटी २३ ही जोड घ्यावी लागते, थोडा हप्ता वाढतो. कार घेणाऱ्याला हे माहीत नसतं, कारण कारच्या पॉलिसीत हा प्रकार नाही. माझ्या पहिल्या टेम्पोच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. पॉलिसीत 'आयएमटी २३' असं छापलेलं दिसलं पाहिजे, तोंडी 'घातलंय' चालत नाही.

घसाराही लक्षात घ्या. प्लास्टिक, रबर, बॅटरीला ५० टक्के कापतात. धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे: तिसऱ्या वर्षात १५, पाचव्या वर्षात ३५, पाच ते दहा वर्षांत ४० टक्के. काचेला काही कापत नाहीत. झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) मिळत असेल तर पहिली काही वर्षं घ्या.

ओव्हरलोड तर करूच नका. कलम १९४ चा दंड २०,००० रुपये आणि वर दर जादा टनामागे २,०००. पुठ्ठा हलका असतो म्हणून तुम्हाला वाटेल आपला संबंध नाही, पण कागदाचे रीळ आणायला तोच टेम्पो पाठवाल तेव्हा काट्यावर वजन बघा.

काळा_कोट

बाईकचं. त्या मुलाची दुचाकीची पॉलिसीही खासगीच असणार, तिच्यातही मालवाहतुकीला तीच मनाई असते. अपघात झाला तर त्याच्या गाडीचं नुकसान अडकू शकतं. आणि तो तुमचं काम करत असताना कोणाला इजा झाली तर नोकराच्या कृत्याची जबाबदारी मालकावर, या तत्त्वाने तुम्हालाही पक्षकार केलं जाऊ शकतं. गाडी त्याची आहे म्हणून तुम्ही बाहेर राहत नाही. स्वतः तो जखमी झाला तर कामगार नुकसानभरपाईची जबाबदारी तुमची आहेच, त्यासाठी मालकाने वेगळी पॉलिसी घ्यायची असते. ती त्याच्यासाठीच नव्हे, युनिटमधल्या सगळ्यांसाठी घ्या.

किमान आज इतकं करा: त्याच्या बाईकचा विमा चालू आहे का बघा. नवीन दुचाकीबरोबर २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो, तो संपला की नूतनीकरण करायचं राहून जातं. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की तारीख दिसते.

नवा_धंदा

मी स्वतःची गाडी न घेता रोज बाहेरचा टेम्पो भाड्याने बोलावतो. मग मला यातलं काहीच लागत नाही ना?

निवृत्त_सर्व्हेअर

गाडीचा विमा त्याचा, हे खरं. पण तुमच्या मालाचा विमा कोणाचा? हे पुठ्ठेवाल्यांनाही लागू आहे. मोटार विमा गाडीचा आणि तृतीय पक्षाचा असतो, गाडीतल्या मालाचा नसतो. टेम्पो उलटला, पावसात माल भिजला, वाटेत चोरी झाली, तर मोटार पॉलिसी त्यासाठी एक रुपया देत नाही. त्यासाठी मालवाहतुकीचा वेगळा विमा असतो, त्याला मरीन म्हणतात. समुद्राशी काही संबंध नसला तरी देशांतर्गत रस्त्यावरच्या मालाची पॉलिसीही त्याच खात्यात येते. रोजच्या फेऱ्या असतील तर प्रत्येक फेरीला वेगळी न घेता वर्षभराची ओपन पॉलिसी घ्या, त्यात पाठवलेल्या मालाची नोंद कळवत राहायची. कुठल्या कलमाखाली घेता ते बघा: आग आणि अपघातापुरतीच मर्यादित, की सर्व जोखमींची. पुठ्ठ्याला पाण्याचं भय आहे, त्यामुळे स्वस्तातली मर्यादित पॉलिसी पुठ्ठेवाल्यांच्या कामाची नाही.

भाड्याच्या टेम्पोवाल्याकडून बिल्टी (माल वाहायला घेतल्याची पावती) घ्या. गाडीचा विमा, फिटनेस, ड्रायव्हरचं लायसन्स हे माल भरायच्या आधी बघा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने आली तर माल भरू नका.

पुठ्ठेवाला

ठरवलं. तीन टनांच्या आतला टेम्पो, परतीचं भाडं अजिबात नाही, प्रायव्हेट कॅरिअर. साडेसात लाखांची मर्यादा तशीच, आयएमटी २३, २८, ३९. मालाची ओपन पॉलिसी वेगळी. व्हॅनला सीट परत बसवून घेतो.

दोन शेवटचे प्रश्न. व्हॅनचा ३५ टक्के बोनस टेम्पोला मिळेल का? आणि पुढेमागे व्हॅन विकली तर काय काळजी घ्यायची?

विमासाथी

नाही मिळणार. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो, पण तो त्याच वर्गातल्या दुसऱ्या गाडीला जातो. खासगी कारचा बोनस खासगी कारला. व्हॅन विकलीत आणि पुढे घरची कार घेतलीत तर तिथे वापरता येईल, म्हणून विकताना कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन ठेवा. टेम्पोचा बोनस शून्यापासून सुरू होईल. पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर २० टक्के. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर तोही जातो.

आणखी एक फरक: नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम मिळतो, मालवाहू गाडीला दरवर्षी घ्यावा लागतो. महिनाभर आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.

काळा_कोट

विकण्याबद्दल: फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन पैसे मोजून घेतले की लोक मोकळे होतात. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येते. नवीन कुमार प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, मधे किती हात बदलले ते बघणार नाही. आरसीवर नाव बदललेलं पोर्टलवर दिसेपर्यंत पाठपुरावा करा. तृतीय पक्षाचा विमा कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो आणि त्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. ओन डॅमेज आपोआप जात नाही, हे घेणाऱ्यालाही सांगा.

शिलाईघर

क्लेम नाकारलाच तर कोर्टाशिवाय दुसरा काही रस्ता आहे का? आमच्यासारख्यांना वकील परवडेलच असं नाही.

निवृत्त_सर्व्हेअर

आहे ताई. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. एकल मालकीचे आणि सूक्ष्म उद्योगही त्यात येतात, रकमेची मर्यादा ५० लाख आहे. नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. अपघातग्रस्तांच्या भरपाईचे दावे मात्र तिथे चालत नाहीत, ते न्यायाधिकरणातच. नकाराचं पत्र कारणासहित लेखी मागून घ्या. 'होणार नाही' असं फोनवर सांगितलं तर तो नकार धरू नका.

विमासाथी

पुठ्ठेवाले, टेम्पो ताब्यात घ्यायच्या दिवसाबद्दल सांगायचं राहिलं. हप्ता कंपनीला पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी. चेक दिला आणि तो परत गेला तर कंपनी पॉलिसी रद्द करते. ऑनलाइन भरा. पॉलिसीवर सुरुवातीची तारीखच नव्हे, वेळही छापलेली असते. इंजिन आणि चासी नंबर आरसीच्या कागदाशी ताडून बघा, 'वापर' या रकान्यात स्वतःचा माल असं आहे ना ते बघा, आणि छापलेली वेळ उलटल्यावरच टेम्पो शोरूमच्या बाहेर काढा.